धन बाजू, ऋण बाजू

मे महिन्यात अकोल्यात भिंतीला दही फासलं तर काय होतं, हे मला कुणी विचारलं नव्हतं. विचारलं असतं तर सांगितलं असतं. आधी त्याचं पाणी सुटतं, ते फरशीवर उतरतं आणि मुंग्यांची रांग लागते. मग उरलेल्याला पिवळी कड धरते, माश्या बसतात, आणि दुपारी जो वास सुटतो तो पडद्यांत, उशीच्या अभ्र्यांत, पोळीच्या घासात शिरतो. आमच्या सौदामिनी सोसायटीच्या निम्म्या घरांना गेल्या उन्हाळ्यात हा वास होता. फासणारी माणसं शिकलेली होती. एक तर दातांचे डॉक्टर होते, दिवसभर लोकांना स्वच्छता शिकवणारे. ही सगळी मंडळी आपापल्या घरातलं ऋण उतरवत होती.

मी कुमुद गावंडे. ज्युनियर कॉलेजात फिजिक्स शिकवून निवृत्त झाले. एकटी राहते. मला किळस लवकर येत नाही. पोरांनी बेसिनमध्ये केलेले प्रकार मी आयुष्यभर पाहिलेत. पण गेल्या उन्हाळ्यात मला जी शिसारी आली ती अजून जिभेवरून गेलेली नाही.

ज्या भिंतींवर हे चाललं होतं त्या साध्या भिंती नव्हत्या. आमच्याकडे उन्हाळ्यात आता माणसं पंख्यावर जगत नाहीत, एसी लागतोच. दुपारचं ऊन गच्चीवरच्या पॅनेलांतून हवं तेवढं मिळतं, पण ते संध्याकाळसाठी साठवायचं कशात? बॅटऱ्या या उष्णतेत फुगायच्या, दोन-तीन ठिकाणी पेटल्याही. मग धारकभिंत आली. तत्त्व शाळेतलंच. पंख्याचा कंडेन्सर सगळ्यांनी पाहिलेला असतो. पुस्तकात त्याला धारित्र म्हणतात. धातूच्या दोन पाट्या समोरासमोर धरायच्या, एकमेकींना टेकू द्यायच्या नाहीत, मध्ये वीज न वाहू देणारी पातळ फिल्म ठेवायची. पॅनेल एका पाटीवरचे इलेक्ट्रॉन उपसून दुसरीवर नेऊन टाकतं. जिच्यावरचे गेले ती धन, जिच्यावर साचले ती ऋण. दोघी एकमेकींना ओढत राहतात, पण मधली फिल्म त्यांना भेटू देत नाही. पाट्या जितक्या मोठ्या आणि फिल्म जितकी पातळ, तितकं जास्त साठतं. इथे लाखेच्या राळेत सिरॅमिकची पूड कालवून इतकी चिवट आणि इतकी पातळ फिल्म निघाली, की दोन फ्लॅटमधल्या सामाईक भिंतीत तिचे हजारो थर बसले आणि दोन्ही घरांची सोय झाली.

ही साठवलेली ऊर्जा असते कुठे, हा माझा वर्गातला आवडता प्रश्न. पोरं म्हणायची, धन पाटीवर. काही म्हणायची, ऋण पाटीवर. मी म्हणायचे, दोघींनी ओली गोधडी दोन टोकांना धरून पिळली, तर पीळ कुणाच्या हातात असतो? कुणाच्याच नाही. तो गोधडीत असतो, दोघींच्या मध्ये.

हे उदाहरण मला शेजारच्या सिंधूमुळे सुचलं होतं. सिंधू मानकर. नवरा गेल्यावर तिनं मिरची-हळद कांडायची गिरणी चालवली आणि मुलीला, मैथिलीला, नर्स केलं. आम्ही दोघी दर दिवाळीआधी गच्चीवर गोधड्या धुवायचो आणि दोन टोकांना उभ्या राहून पिळायचो. ती तिखटानं सतत खोकायची आणि खोकता खोकता हसायची. चहा टाकला की बत्त्यानं भिंतीवर ठोकायची, आणि मी उठून जायचे. तीच ती भिंत. माझ्याकडे तिची धन बाजू होती, सिंधूकडे ऋण. कित्येक वर्षं हे आम्हा दोघींच्या ध्यानातही नव्हतं, कारण जोडणीच्या डबीवर नुसतं अधिक आणि उणे छापलेलं होतं, आणि डबी होती फ्रिजच्या मागे.

मग नियम आला की घरात बसवलेल्या विजेच्या वस्तूंवरचा मजकूर मराठीत हवा. मला आनंदच झाला. कंपनीनं डब्या दिसतील अशा पुढे आणल्या आणि त्यांवर ठसठशीत चिठ्ठ्या चिकटवल्या. एका घरात ‘धन बाजू’. पलीकडच्या घरात ‘ऋण बाजू’. शब्द आठवीच्या पुस्तकातले, अगदी बरोबर. पण पुस्तकातलं ऋण आणि हॉलमध्ये, देवघराशेजारी, पाहुण्यांच्या नजरेसमोर लिहिलेलं ऋण यांत फरक पडला. आमच्या भाषेत धन म्हणजे काय आणि ऋण म्हणजे काय, हे कुणाला समजावून सांगावं लागत नाही.

महिन्याभरात सोमेश्वरजी उगवले. स्वतःला ऊर्जावास्तुतज्ज्ञ म्हणवून घेत. रेशमी कुडता, तोंडात सुपारी. भिंतीची बाजू ओळखायची त्यांची पद्धत अशी की डोळे मिटून भिंतीला जीभ लावायची. मी हे स्वतः पाहिलं. जीभ लावायचे, चव घेतल्यासारखे थांबायचे आणि म्हणायचे, “खारट आहे. ऋण मुरलंय.” भिंतीवर सुपारीचा तांबूस ओला डाग राहायचा. घरातली बाई तो पुसायची नाही, त्याला हळदकुंकू लावायची. मी तिथून निघाले.

सोसायटीची बैठक बोलावली गेली ती त्यांच्याच सांगण्यावरून. अध्यक्ष उमाळे साहेब, पाटबंधारे खात्यातले निवृत्त इंजिनियर, त्यांनी मला आदरानं पुढे बसवलं. मला वाटलं, चला, आता पाच मिनिटांत हा खेळ संपवते.

मी म्हणाले, “धन आणि ऋण ही नुसती नावं आहेत. कुणीतरी फार पूर्वी ठेवली, उलटी ठेवली असती तरी काही बिघडलं नसतं. दोन्ही पाट्यांवरचा प्रभार अगदी सारखा असतो. जितकं धन एकीवर, तितकंच ऋण दुसरीवर. बेरीज शून्य.”

सोमेश्वरजींनी हात जोडले. “ऐकलंत? मी वेगळं काय सांगत होतो? विज्ञानाच्या बाईच सांगताहेत. शेजाऱ्याकडे जितकं धन जमतं, तितकंच ऋण तुमच्या माथी येतं.”

सगळ्या माना वळल्या. प्रत्येक जण आपापल्या शेजाऱ्याकडे बघायला लागला. ते बघणं मी विसरणार नाही. वर्षानुवर्षं एकमेकांच्या घरी विरजण मागणारी माणसं खिसा कापला गेल्यासारखी एकमेकांना नजरेनं चाचपत होती.

मी आवाज चढवला. “अहो, आत हजारो थर आहेत. एक धन, एक ऋण, पुन्हा धन, पुन्हा ऋण. सगळ्यांच्या वाट्याला दोन्ही आहेत.”

“ते ठीक आहे, मॅडम,” उमाळे साहेब म्हणाले. “पण आमच्या अंगाकडून पयला थर कोणता, तेवढं सांगा.”

या माणसानं धरणाची गणितं केली होती.

त्यानंतर सगळं भराभर झालं. ऋण बाजूच्या फ्लॅटला गिऱ्हाईक मिळेना. ऋण बाजूची पोरं धन बाजूच्या पोरांबरोबर खेळताना हटकली जाऊ लागली. दह्याचा उतारा निघाला. आणि मैथिलीसाठी अमरावतीचं स्थळ आलं होतं, मुलगा चांगला, दोघांचं एकमेकांशी पटलेलं, तर मुलाच्या आईनं फोनवर विचारलं, “तुमची बाजू कोणती?”

सिंधू माझ्याकडे आली ती दार वाजवून. बत्ता न वाजवता.

“सोसायटी भिंती फिरवून रायली,” ती उभ्या उभ्याच म्हणाली. “वायरी उलट्या केल्या की धन इकडून तिकडं जाते. मंग पाळीपाळीनं सगळ्यायले मिळन. दोन्ही घराच्या सह्या लागतात. तुही पायजे.”

“सिंधू, बस आधी.”

“सही दे, मंग बसतो.”

“भिंत फुटेल गं.” मी तिला जमेल तितक्या सोप्या शब्दांत सांगितलं. फिल्म वर्षानुवर्षं एकाच बाजूचा ताण सोसते, तेव्हा पाटीवरचा थोडा प्रभार तिच्यात झिरपतो आणि तिथेच अडकून बसतो. धन पाटीलगत धन, ऋण पाटीलगत ऋण. तोवर त्रास नाही, उलट फिल्मवरचा ताण त्यानं थोडा हलकाच होतो. पण पाट्या अचानक उलट्या केल्या, की कालपर्यंत जो ताण हलका करत होता तोच आज भर घालतो. दुहेरी ओढ लागते. फिल्म भोकं पडून जळते. “फिरवायचीच असेल तर आधी भिंत रिकामी करून दोन्ही पाट्या एकमेकींना जोडून ठेवाव्या लागतात. बरेच आठवडे. झिरपलेलं हळूहळू बाहेर येतं. तोवर वीज नाही.”

“या उन्हात?”

“म्हणून तर म्हणते, फिरवूच नका.”

“कुमुद, तू मले शिकवू नको. येवढे वर्सं तुह्याकडं धन होतं अन् माह्याकडं ऋण. तुले सगळं समजत होतं. एका शब्दानं बोलली नाहीस. आता माह्या पोरीचं व्हायची पाळी आली तं तुही भिंत फुटते. तुह्या धनाले हात लागते म्हणून, दुसरं काय?”

मला तिचा राग आला असता तर बरं झालं असतं. मला तिची किळस आली, आणि सिंधूची किळस यावी याची मला जास्त किळस आली.

भिंती फिरवायला कंपनीनं पाठवलेला इंजिनियर माझाच विद्यार्थी निघाला. अंकुश बोबडे. हुशार पोरगा होता, हा धडा त्याला पाठ होता. सिंधू गिरणीवर गेलेली असताना मी त्याला घरात घेतलं, पाणी दिलं आणि विचारलं, “फिल्मचं काय होईल माहीत आहे ना तुला?”

“माहीत आहे, मॅडम.”

“वरच्यांना सांगितलंस?”

“सांगितलं. ते म्हणाले, ग्राहकांची लेखी मागणी आहे. फुटली तर आपण जबाबदार नाही, आणि नवी भिंत आपलीच जाईल.” त्यानं ग्लास खाली ठेवला. “मॅडम, तुम्ही रिटायर झालात. मला अजून नोकरी करायची आहे.”

तो हे अगदी शांतपणे म्हणाला. मीच शिकवलेली अक्कल माझ्यासमोर बसून गार पाणी पीत होती.

“बरं,” मी म्हणाले. “मी सही देते. पण या भिंतीच्या वायरला हात लावायचा नाही. चिठ्ठ्या काढ. माझी तिकडे लाव, तिकडची इकडे.”

“वायर फिरवल्याचा फोटो पाठवावा लागतो.”

“दुसऱ्या भिंतीचा पाठव.”

त्यानं विचार केला. “चालेल.”

“मग सगळीकडे हेच कर ना, अंकुश. सगळ्यांचं समाधान होईल, कुणाचं काही फुटणार नाही.”

“सगळ्या घरांना एकच फोटो कसा लावू, मॅडम?” तो म्हणाला आणि ब्लेड काढून चिठ्ठी खरवडायला लागला.

पलीकडचं दार मैथिलीनं उघडलं. चिठ्ठ्या तिच्या देखत बदलल्या. ती हसली. “आईला नका सांगू, मावशी,” एवढंच म्हणाली. आयुष्यभर मी पोरांना सांगत आले होते की निरीक्षण खोटं लिहायचं नाही. त्या दिवशी मी माझ्या स्वतःच्या भिंतीवर खोटं चिकटवून घेतलं आणि मला सुटल्यासारखं वाटलं.

सिंधूनं संध्याकाळी आपल्या डबीवर ‘धन बाजू’ वाचलं आणि बत्ता घेऊन इतका वाजवला की पोपडा पडला. मी गेले. ती माझ्या गळ्यात पडली. “तुह्या मनात पाप नोतं, कुमुद. माह्याच जिभेले हाड नाही,” म्हणाली आणि रडली. तिनं केलेली पुरणपोळी मी खाल्ली. ती घशाखाली उतरवायला मला पाणी प्यावं लागलं.

दुसऱ्या दिवशी ऊन चढत गेलं तशा भिंती भरत गेल्या. ताण सगळ्यात जास्त असतो तो भर दुपारी. पहिला आवाज तिसऱ्या मजल्यावरून आला, तापल्या तेलात पाणी पडल्यासारखा. मग दुसरा, मग एकामागून एक. जिन्यात धूर झाला आणि जळक्या लाखेचा वास पसरला, पूर्वी पोस्टात सील करताना यायचा तसा. माणसं बाहेर पळाली. आग लागली नाही, पण एसी बंद पडले, आणि काँक्रीटची ती इमारत बघता बघता भट्टी झाली. उमाळे साहेबांच्या आईला उचलून माझ्या घरात आणलं तेव्हा तिचं अंग कोरडं आणि चटका बसेल इतकं गरम होतं. ती वाचली, पण तेव्हापासून तिला नीट बोलता येत नाही.

साऱ्या सोसायटीत फक्त आमची भिंत शाबूत होती. दोन्ही घरांत माणसं दाटीवाटीनं बसली होती. आणि त्या गर्दीत, म्हातारी बाई बेशुद्ध पडलेली असताना, कुणीतरी म्हणालं, “बघा, मानकरांकडे धन सरळ बसलं. आपलं पाप आडवं आलं.”

सोमेश्वरजी आले. सिंधूच्या भिंतीला जीभ लावली. “गोड,” म्हणाले.

त्यानंतर तिचं घर देऊळ झालं. ऋण उतरवायला जे दही लागायचं तेच आता धन मागायला लागू लागलं. लोक वाटी घेऊन यायचे, तिच्या भिंतीला बोटं ओढायचे आणि नमस्कार करून जायचे. ओघळ, मुंग्या, माश्या. सिंधू दाराशी हात जोडून उभी असायची. पन्नाशी उलटलेली माझी मैत्रीण, जिनं कधी कुणापुढे मान वाकवली नाही, ती आता लोकांना आपल्या पायाही पडू द्यायची. अमरावतीची बाई आली, भिंतीपुढे वाकली आणि साखरपुड्याची तारीख ठरवून गेली.

मी तोंड मिटून बसले असते. पण उमाळे साहेबांनीच बातमी आणली. शेजारच्या दोन सोसायट्या भिंती फिरवणार होत्या. “मानकरांसारख्याच, विधी करून,” ते म्हणाले. त्यांची आई तेव्हा दवाखान्यातच होती.

अंकुशचा फोन बंद होता. मी मैथिलीला जिन्यात गाठलं. म्हणाले, “खरं सांगितलं तर तुझं लग्न मोडेल. नाही सांगितलं तर तिकडे भिंती फुटतील. तू सांग, काय करू?”

तिला क्षणभरही लागला नाही. “उमाळे आजी माझ्याच वॉर्डात आहे, मावशी. पाणी मागायचं असतं तिला, पण शब्द येत नाही. सांगून टाका.”

साखरपुड्याला सिंधूच्या हॉलमध्ये सगळे होते. शेजारच्या सोसायट्यांचे अध्यक्ष खास बोलावलेले, सोमेश्वरजी पाटावर. दह्याच्या आंबूस वासावर अत्तर शिंपडलेलं. मी उभी राहिले आणि वर्गात बोलायचे त्या आवाजात सांगितलं, “ही भिंत फिरवलेलीच नाही. वायरी होत्या तशा आहेत. फक्त चिठ्ठ्या बदलल्या, मी बदलायला लावल्या. फिरवली नाही म्हणून ती वाचली. ज्या फिरवल्या त्या फुटल्या. सिंधूकडे आजही ऋण बाजूच आहे, आणि तिच्या घरात कुणाचं काही वाईट झालेलं नाही.”

सिंधूच्या हातात औक्षणाचं ताट होतं. निरांजनाची ज्योत तिच्या श्वासानं हलताना दिसत होती. मी मुलाच्या आईकडे बघत होते. आता ती उठेल, असं मला वाटलं.

पण आधी सोमेश्वरजी बोलले. सुपारी एका गालातून दुसऱ्या गालात सरकवली आणि गहिवरल्या आवाजात म्हणाले, “धन्य आहे. म्हणजे वायर फिरवायचीही गरज नव्हती. नुसतं धन लिहिलं, आणि ऋणाचं धन झालं. नामात केवढी शक्ती आहे, बाईंनी आज सिद्ध करून दाखवलं.”

हॉलभर कुजबुज झाली आणि मग सुस्कारे. सगळ्यांना मोकळं वाटत होतं. अमरावतीच्या बाईंनी डबीकडे बघितलं. “चिठ्ठी धनाचीच आहे ना? मग आमचं काही म्हणणं नाही,” त्या म्हणाल्या आणि साखरेची पुडी पुढे केली. साखरपुडा झाला. मैथिलीनं अंगठी घालून घेताना माझ्याकडे एकदाच बघितलं, आणि मला वाटतं तिलाही मळमळत होतं. मी बेसिनपाशी गेले आणि ओकले.

शेजारच्या सोसायट्यांनी वायरी फिरवल्या नाहीत. एवढं मात्र मला मिळालं. त्यांनी चिठ्ठ्या मागवल्या. सोमेश्वरजी आता सोनेरी अक्षरांच्या छापून देतात. अकोल्यात शोधून एक ऋण बाजू सापडणार नाही. भिंतीच्या या अंगालाही धन, त्या अंगालाही धन. आमच्या सोसायटीतही नव्या भिंती बसल्या त्याच दिवशी दोन्हीकडे तेच चिकटलं. दही मात्र बंद झालं. उतरवायला काही उरलं नाही.

सिंधू माझ्याशी बोलत नाही. लग्न मोडलं असतं तर कदाचित बोलली असती, भांडली असती. पण चारचौघांत, मुलीच्या साखरपुड्यात, मी तिच्या घराला ऋणाचं घर म्हणाले, हे तिनं मनात ठेवलं. चहाची वेळ होते, पलीकडे भांडी वाजतात, तिचा खोकला ऐकू येतो. बत्ता वाजत नाही.

लग्नानंतर मैथिली एकदा आली. डब्यात अनारसे होते आणि डब्यावर एक पाकीट. पाकिटात सोनेरी चिठ्ठी होती, ‘धन बाजू’.

“आईनं दिलंय,” ती माझी नजर चुकवत म्हणाली. “तुमच्या डबीवर अजून ती जुनी ऋणाचीच आहे ना, म्हणून.”

“अन् काय म्हणाली?”

मैथिली आईच्याच शब्दांत म्हणाली, “म्हणाली, कुमुदले सांग, मले तिचं ऋण नको.”

मी चिठ्ठी घेतली. जुनीवर नीट बसवली, बोटानं कडा दाबल्या. दोन्ही पाट्या एकाच प्रकारच्या केल्या तर त्यांच्या मध्ये काही साठत नाही, हे मी वर्षानुवर्षं फळ्यावर लिहीत आले होते.

“मावशी, अनारसे खा,” मैथिली म्हणाली.

“ठेव,” मी म्हणाले. “भूक नाही.”